कलिंगड गरम की थंड

पांढरा आणि काळा रंग मी पहिल्याच दिवशी मुलांकडून काढून घेतला. सगळ्या ट्यूब आणि रंगपेटीतून उचकटलेल्या वड्या श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात टाकल्या आणि डबा सोसायटीच्या ऑफिसातल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. बी विंगमधला एक तिसरीतला मुलगा रडवेला झाला. "काकू, मग डोळ्यांची बुबुळं कशाने करायची?" प्रश्न रास्त होता. पण जलरंगात पांढरा म्हणजे न रंगवलेला कागद. आणि काळा हाताशी असला की कुठलाही रंग गडद करायला मुलं त्याच्याकडेच धावतात. मला शिकवायचे होते गरम आणि थंड रंग. या दोघांनी मध्येमध्ये लुडबुड केली असती.

आमची सोसायटी नेरूळची, सिडकोच्या जुन्या इमारतींपैकी. दर मे महिन्यात मुलं जिन्यात आणि गच्चीत हैदोस घालायला लागली की कमिटीला संस्कार शिबिराची आठवण होते. या वेळी सेक्रेटरींनी मला गाठलं. लग्नाआधी मी एटीडी, म्हणजे चित्रकला शिक्षकाची पदविका, करून काही वर्षं शाळेत चित्रकला शिकवली होती, हे त्यांच्या कानावर कुणी घातलं देव जाणे. दुसरी ते पाचवीची डझनभर मुलं, सकाळी दीड तास, तळमजल्यावरचा हॉल, आणि फी म्हणाल तर कागद-रंगांचे पैसे तेवढे पालकांनी द्यायचे.

पालकांची मागणी ठरलेली होती : "एलिमेंटरीचा पाया करून घ्या." एलिमेंटरीसारख्या शासनाच्या रेखाकला परीक्षांमुळे पुढे दहावीला वाढीव गुण मिळतात, त्यामुळे दुसरीतल्या मुलाचा पाया आत्तापासून खणायला घ्यायचा. त्या पायात एक तक्ता हमखास असतो. लाल, नारिंगी, पिवळा हे उष्ण रंग. हिरवा, निळा, जांभळा हे शीत रंग. हा तक्ता धडाधड म्हणणारी मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांच्यासमोर चार वेगवेगळे निळे ठेवले की ती अडतात, कारण तक्त्यात निळा एकच असतो. म्हणून मी ठरवलं, महिनाभर दुसरं काही शिकवायचं नाही. एवढी एकच गोष्ट, पण पाण्यात हात घालून.

सामानाचं थोडक्यात सांगते, कारण नंतर पुष्कळ जणींनी विचारलं. कागद जाड घेतला, ३०० जीएसएमचा. तो महाग पडतो, म्हणून २२ बाय ३० इंचांचा पूर्ण ताव घेऊन त्याचे आठ तुकडे केले. एक तुकडा साडेसात बाय अकरा, मुलांच्या हाताला पुरेसा. ड्रॉइंगच्या वहीचा पातळ कागद जलरंगाला अजिबात नको. पाणी लागलं की तो पापडासारखा फुगतो आणि सगळा रंग खळग्यांत जाऊन बसतो. मुलाला वाटतं आपलंच चुकलं. ब्रश दोनच, दहा नंबरचा आणि सहा नंबरचा. पाण्याचे डबेही दोन, एक पिवळ्या-लालच्या बाजूचे ब्रश धुवायला आणि एक निळ्या-हिरव्याच्या. रंग मात्र सेटमधले न घेता सुट्या ट्यूब आणल्या. लेमन यलो, गॅम्बोज, व्हर्मिलियन, क्रिमसन, अल्ट्रामरीन आणि प्रशियन ब्लू. दोन पिवळे, दोन लाल, दोन निळे. हिरवी ट्यूब नाही, जांभळी नाही, नारिंगीही नाही.

पण पहिल्या दिवशी ब्रश उघडलेच नाहीत. रंगाच्या दुकानातून घरं रंगवायच्या रंगांची शेडकार्डं मागून आणली होती. त्यांचे तुकडे कापून जमिनीवर पसरले आणि म्हटलं, दोन ढीग करा, एक गरम, एक थंड. मी काही सांगणार नाही. शेंदरी, हळदी, विटकरी भराभर एका ढिगात गेले. आकाशी, मोरपंखी दुसऱ्यात. मग दुसरीतल्या एका मुलीने चांगला लालभडक तुकडा उचलून थंडच्या ढिगात ठेवला. मोठी मुलं हसली. ती शांतपणे म्हणाली, "ते कलिंगड आहे."

यानंतर जे झालं त्याची मी तयारी केली नव्हती, आणि झालं तेच उत्तम झालं. कलिंगड थंड, तर कोकम पण थंड. आजी उन्हातून आल्यावर कोकमाचं सरबतच देते, आणि ते लालच असतं. गुलकंद थंड. आंबा उष्ण, म्हणून तर खाण्याआधी पाण्यात टाकून ठेवतात. पपई उष्ण. बाजरीची भाकरी उष्ण, आणि ती तर राखाडी! सब्जा काळा पण थंड. एकाने ठणकावून सांगितलं की त्याला गोवर आला तेव्हा आईने लाल काही खाऊ दिलं नव्हतं, पण या मुद्द्याचं काय करायचं ते कुणालाच कळलं नाही. दोन्ही ढीग विस्कटले. मराठी घरातल्या मुलाला गरम-थंडची एक पूर्ण व्यवस्था आधीच येत असते, स्वयंपाकघरातून आलेली, आणि ती तक्त्याशी जागोजागी भांडते. शाळेत हे भांडण होत नाही, कारण तिथे कुणी विचारत नाही.

मी एवढंच म्हणाले, की आजी सांगते ते पोटाचं, आपण बोलतोय ते डोळ्यांचं. आजीचं बरोबरच आहे, पण एकाचा न्याय दुसऱ्याला लावायचा नाही. निम्म्या मुलांना पटलं. पाचवीतला चष्मेवाला मात्र दबा धरून बसला होता. "पण काकू, गॅसची ज्योत निळी असते. पिवळी झाली की आई म्हणते बर्नर साफ करायला हवा. मग जास्त गरम कोण?"

याला चहा द्यावा असं मला वाटलं. कारण तो म्हणतो ते खरंच आहे. नीट जळणारी निळी ज्योत काजळी धरणाऱ्या पिवळ्या ज्योतीपेक्षा जास्त तापलेली असते. ताऱ्यांचंही तसंच. मृग नक्षत्रातला तांबूस दिसणारा काक्षी साधारण ३,५०० केल्विनचा, आणि त्याच नक्षत्रातला निळसर पांढरा राजन्य सुमारे १२,००० केल्विनचा. म्हणजे विज्ञानाच्या हिशेबाने निळा तापट ठरतो. पण तेवढ्यावर त्याला जिंकू दिलं नाही. विल्यम हर्शेल नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने १८०० साली लोलकातून सूर्याचा प्रकाश पाडून एकेका रंगपट्ट्यात थर्मामीटर ठेवून पाहिले, ती गोष्ट सांगितली. जांभळ्याकडून लालकडे जावं तसा पारा चढत गेला, आणि लालच्याही पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नाही, तिथे सगळ्यांत जास्त चढला. अवरक्त किरणांचा शोध असा लागला. चष्मेवाल्याने विचार केला आणि निकाल दिला : "म्हणजे एक-एक." बरोबरीत सुटलेला सामना त्याला चालणार होता. चित्रातल्या गरम-थंडला मात्र थर्मामीटर लावता येत नाही. शेकोटी, ऊन, दिवा एकीकडे. पाणी, सावली, रात्र दुसरीकडे. डोळा सवयीने तशी विभागणी करतो, आणि चित्रकार त्या सवयीचा फायदा घेतो.

दुसऱ्या दिवसापासून पाणी सुरू झालं. आधी नुसतं पाणीच. कागद बोर्डावर चिकटपट्टीने बसवायचा, दहा नंबरच्या ब्रशने स्वच्छ पाणी फिरवायचं, कागद तिरका धरून चमक पाहायची. डबकं नको, चमक हवी. मग एका टोकाला गॅम्बोज, त्याच्या शेजारी व्हर्मिलियन, आणि बोर्ड हलकेच हलवायचा. पंखा बंद. मे महिन्यात नेरूळमध्ये पंखा बंद करून बसणं ही शिक्षा आहे. एक आजोबा दारातून डोकावून "मुलांना उकडतंय हो" असं सांगून गेले. पण पंख्याखाली कागद एका बाजूने वाळतो आणि कडा धरतो, रंग वाहायचा थांबतो. दमट हवेचा एकच फायदा, कागद बराच वेळ ओला राहतो आणि मुलांना खेळायला सवड मिळते. पिवळा लालमध्ये शिरला की मधे आपोआप नारिंगी उमटतो. सगळ्यांनी "ओऽऽ" केलं. दुसऱ्या कागदावर असंच प्रशियन आणि लेमन यलो. तिथे हिरवा उमटला.

इथे बहुतेक शिबिरं थांबतात. अर्ध्या कागदावर सूर्य, अर्ध्यावर चंद्र. किंवा मधे हाताचा पंजा, पंजा गरम रंगांचा आणि मागचं सगळं थंड रंगांचं. चित्र छान दिसतं, फ्रिजवर लागतं, व्हॉट्सअपवर अंगठे येतात. मला त्याचा राग नाही. पण त्या चित्रात गरम आणि थंड एकमेकांना भेटतच नाहीत, मधे काळ्या स्केचपेनची कुंपणं असतात. खरी गंमत ते भेटल्यावर सुरू होते, आणि ती गंमत चिखलाची असते.

जांभळा करा, असं सांगितलं. ट्यूब कुठली घ्यायची ते मुलांनी ठरवायचं. लाल अधिक निळा बरोबर जांभळा, हे सगळ्यांना पाठ होतं. ज्यांनी क्रिमसन आणि अल्ट्रामरीन उचलला, त्यांचा जांभळा जांभळासारखा लखलखीत झाला. ज्यांनी व्हर्मिलियन आणि प्रशियन उचलला, त्यांच्या पॅलेटमध्ये काळपट तपकिरी गाळ तयार झाला. त्यांनी पुन्हा धुवून, जास्त लाल घालून, जास्त निळा घालून पाहिलं. गाळच. "काकू, माझा निळा खराब आहे."

निळा चांगला होता. व्हर्मिलियन हा पिवळ्याकडे झुकलेला लाल, म्हणजे गरम लाल. क्रिमसन गुलाबी-जांभळ्याकडे झुकलेला, म्हणजे थंड लाल. प्रशियन हिरव्याकडे झुकतो, अल्ट्रामरीन जांभळ्याकडे. व्हर्मिलियन आणि प्रशियन एकत्र केले की लाल आणि निळ्याबरोबर गुपचूप पिवळाही आत येतो, आणि तिन्ही मूळ रंग एकत्र आले की राखी नाहीतर तपकिरी होणारच. हे मी सांगितलं ते दोन दिवसांनी. आधी मुलांना सगळ्या जोड्या करून बघू दिल्या. लेमन आणि प्रशियनचा हिरवा पोपटी, कोवळा. गॅम्बोज आणि अल्ट्रामरीनचा हिरवा जुन्या शेवाळासारखा. चौथीतल्या एका मुलीने स्वतःहून कागदावर चौकटी आखून, ओळीत लाल आणि उभ्यात निळे लिहून, पाढ्यांचा तक्ता करावा तसा जांभळ्यांचा तक्ता केला. मी तिला काही शिकवलं नव्हतं. हा तक्ता मात्र मी भिंतीवर लावला.

अल्ट्रामरीन गरम निळा की प्रशियन गरम निळा, यावर चित्रकारांचेच दोन तट आहेत. एकजण म्हणतो जांभळ्याकडे, म्हणजे लालकडे झुकतो तो गरम. दुसरा म्हणतो हिरव्याकडे, म्हणजे पिवळ्याकडे झुकतो तो गरम. मी मुलांना हा वादही सांगितला. मोठ्यांचं पण ठरत नाही, हे कळल्यावर त्यांना फार बरं वाटलं.

चिखल फेकू दिला नाही. प्रत्येकाचा बिघडलेला रंग, ब्रशचं घाण पाणी काढून, एका काचेच्या बरणीत साठवायला लावला. बरणीवर मुलांनीच "चिखल बँक" असं लिहिलं. तिचा उपयोग पुढे झाला.

जांभळ्यावरून आणखी एक प्रयोग केला. एकाच वाटीतल्या जांभळ्याने एक पट्टी रंगवली, वाळवली, मधोमध कापली. एक तुकडा नारिंगी वॉशवर, म्हणजे पातळ रंगाच्या थरावर ठेवला, दुसरा गडद निळ्यावर. नारिंगीवरचा तुकडा निळसर, थंड दिसायला लागला; निळ्यावरचा लालसर, उबदार. मुलांनी माझ्यावर फसवणुकीचा आरोप केला. तुकडे उचलून एकमेकांना चिकटवून पाहिले, पुन्हा ठेवले, पुन्हा उचलले. मग त्यांना पॅरिसच्या गोबलँ कारखान्याची गोष्ट सांगितली. तिथे भिंतीवर टांगायचे विणलेले पडदे होत. तक्रार आली की काळा धागा फिका पडतो. शेव्हरल नावाचे रसायनतज्ज्ञ रंगशाळेचे प्रमुख होते. त्यांनी तपासलं तेव्हा रंग पक्का निघाला; काळा फिका दिसत होता तो शेजारच्या धाग्यांमुळे. यावर त्यांनी १८३९ साली मोठा ग्रंथच प्रसिद्ध केला, आणि पुढच्या फ्रेंच चित्रकारांना तो फार कामी आला. आमच्याकडच्या एका मुलाला ही गोष्ट चटकन कळली, कारण त्याच्या आईचा साडीवर मॅचिंग ब्लाउज शिवण्याचा व्यवसाय आहे. "आई पीस साडीवर ठेवूनच बघते. नुसता बघतच नाही."

सावलीचा धडा गच्चीवर झाला, आणि त्यासाठी मला संध्याकाळची परवानगी काढावी लागली, कारण कमिटीच्या मते गच्ची ही मुलांसाठी नसून टाक्यांसाठी असते. साडेपाचच्या सुमारास, ऊन कलतं झाल्यावर, एक पांढरी चादर फरशीवर पसरली आणि एकाला तिच्या कडेला उभा केला. सावली पडली. रंग कुठला? "काळा," सगळे एका सुरात. मग प्रत्येकाच्या हातात कागदाची नळी दिली. एक डोळा मिटायचा, नळीतून फक्त सावलीचा तुकडा बघायचा, नंतर नळी सरकवून उन्हातल्या चादरीचा तुकडा. असं चार-पाच वेळा. नळीमुळे आजूबाजूचं सगळं कापलं जातं आणि डोक्यात बसलेलं "सावली काळी" मागे पडतं. पहिली ओरडली ती कलिंगडवालीच. "निळी आहे! थोडी निळी!" मग हळूहळू इतरांनाही दिसली. तिसरीतल्या बुबुळवाल्याला शेवटपर्यंत दिसली नाही, आणि त्याने दिसल्याचं खोटं सांगितलं नाही, याचं मला कौतुक वाटलं.

कारण सरळ आहे. कलत्या उन्हाचा प्रकाश पिवळा. जिथे तो अडतो तिथेही अंधार नसतो, आभाळाचा निळा उजेड पडतच असतो. म्हणून गरम उन्हाची सावली थंड. ट्यूबलाइटखाली याच्या उलटही होऊ शकतं. त्यात मी शिरले नाही. मुलांनी तिथेच बसून चादर आणि सावली रंगवली. उन्हातल्या चादरीला लेमन यलोचा अगदी पातळ हात, जवळजवळ पाणीच. सावलीला अल्ट्रामरीनमध्ये क्रिमसनचा ठिपका. काळ्या रंगाचा डबा खाली कपाटातच होता आणि कुणी त्याची आठवण काढली नाही. अल्ट्रामरीनचा वॉश वाळल्यावर त्यात बारीक दाणे दिसतात, रंगाचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात म्हणून. मुलांना वाटलं चादरीवरची धूळ रंगली आहे. मी दुरुस्ती केली नाही, चादर खरंच धुळीने माखली होती.

गच्चीवरून पूर्वेकडे डोंगर दिसतात. जवळ पारसिकचा, त्यामागे खारघरचे, आणि हवा स्वच्छ असली तर पलीकडे माथेरानच्या बाजूची एक पुसट रांग. मे महिन्यात ती रांग धुरकटात बुडालेली असते. तरी जेवढं दिसलं तेवढ्यावर भागवलं. समोरच्या इमारतीची विटकरी भिंत, मग पारसिकचा वाळका पिवळट हिरवा, मग निळसर, मग जवळजवळ आभाळच. लांब जावं तसा डोंगर थंड होत जातो, कारण मधल्या हवेचा निळा उजेड त्याच्यावर चढत जातो. मुलांनी तीन पट्ट्यांत काढलं. दोघांनी सगळ्यांत लांबच्या डोंगरावर पांडवकडा धबधबा काढला. पांडवकडा खारघरलाच आहे आणि मे महिन्यात त्यात टिपूस नसतो, पण धबधब्याशिवाय डोंगर त्यांना मान्य नव्हता.

शेवटच्या आठवड्यात फ्लेमिंगो. नेरूळ-सीवूड्सच्या मुलांना फ्लेमिंगोचं अप्रूप उरलेलं नाही. स्टेशनबाहेर पुतळे, भिंतींवर चित्रं, सगळीकडे तेच, आणि सगळीकडे एकच भडक गुलाबी. म्हणूनच खरे बघायला नेलं. भरतीची वेळ पाहून निघालो. ओहोटीला पक्षी खाडीच्या चिखलात लांब पसरलेले असतात. भरतीने चिखल बुडाला की ते आतल्या पाणथळ जागांवर येतात आणि पाम बीच रोडच्या बाजूने जवळून दिसतात. वरची ठाणे खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. ही माहिती सोबत आलेल्या एका बाबांनी मोबाइलमधून मोठ्याने वाचून दाखवली, पक्षी उडतील या बेताने.

पहिला शोध असा लागला, की पुष्कळसे पक्षी गुलाबी नव्हतेच. मोठ्या जातीचे जवळजवळ पांढरे, लहान जातीचे जास्त गुलाबी, आणि मधूनमधून मळकट राखाडी पिल्लं. त्यांचा गुलाबी रंग खाण्यातून येतो, शेवाळ आणि बारीक कोळंबीतल्या रंगद्रव्यांतून. पिल्लांच्या अंगी तो यायला वेळ लागतो. कलिंगडवालीने लगेच खात्री करून घेतली की हे पोटाचं आहे की डोळ्यांचं. मी म्हटलं, पोटातून पिसांत आलेलं.

आता गुलाबी करायचा कसा? पांढरा डबा कुलपात. लाल पातळ करायचा. पण कुठला लाल? क्रिमसनमध्ये पाणी घातलं की थंड गुलाबी, गुलकंदाच्या बाजूचा. व्हर्मिलियनमध्ये पाणी घातलं की गाजरी, गरम गुलाबी. पुलाच्या कठड्यापाशी बसून दोन तट पडले आणि दोघांनी समोर बोट दाखवून आपलं खरं केलं. सकाळचं ऊन पाठीवर पडलेला पक्षी खरंच गाजरी दिसत होता आणि त्याचं पोट, सावलीतलं, थंड गुलाबी. जाड्या ब्रशने पाठीला एक आणि पोटाला दुसरा लावला, ओल्यात ओला मिसळू दिला, की पक्षी गोल होतो. पेन्सिलीची शेडिंग लागत नाही. हे एकदा जमल्यावर मुलं थांबेचनात.

पण पांढऱ्या कागदावर फिका गुलाबी पक्षी दिसेना. तेव्हा चिखल बँक उघडली. बरणी हलवली, ब्रश बुडवला आणि खाडीचा चिखल थेट चिखलानेच रंगवला. निळा जास्त असलेला राखाडी पाण्याच्या कडेला, तपकिरी जास्त असलेला पुढे. त्या मळक्या रंगाशेजारी फिका गुलाबी एकदम उजळला, एक थेंबही जास्त लाल न घालता. "माझा निळा खराब आहे" म्हणणारा मुलगा सगळ्यांना बजावत होता की बरणीतला बहुतेक माल त्याचा आहे.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या आणि वर्ग शनिवारवर आला. पाऊस लागल्यावर कागद तासन्‌तास वाळत नाही, दुसरा हात देता येत नाही. मी हेअर ड्रायर आणला आणि त्यासाठी रांगा लागल्या. वड्यांच्या पेट्यांना बुरशी येते, कारण रंग डिंकात बांधलेला असतो आणि पेटी ओली बंद केली की झालंच. झाकण उघडं ठेवून वाळवा, एवढं पालकांना पुन्हा पुन्हा सांगते.

चित्रं हॉलच्या भिंतीवर लावली, त्या दिवशी तक्तेवाल्या चौथीतल्या मुलीची आई आली. सगळं हौसेने पाहिलं आणि मुलीची परीक्षा घेतली. "सांग बघू, जांभळा उष्ण की शीत?"

"कशाच्या शेजारी?" मुलीने विचारलं.

आईने माझ्याकडे पाहिलं. तिला ते उत्तर उद्धट वाटलं असावं, किंवा पैसे फुकट गेले असं. मी मुलीला म्हटलं, परीक्षेच्या पेपरात शीत लिही, तिथे शेजारी कुणी नसतं. आई खूश झाली. मुलगी भिंतीकडे गेली आणि तिने आपल्या तक्त्यातल्या गाळाच्या चौकटीवर पेन्सिलीने बारीक अक्षरात "चालेल" असं लिहिलं.